घाट उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून

मुंबईच्या ट्रॅफिकमुळे पाय सारखा ब्रेकवर ठेवायची सवय लागते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं वाई, पाचगणी, महाबळेश्वर असं रमतगमत फिरून आलो, तेव्हा परतताना पसरणी घाटात ब्रेकचा जळका वास आला. आता असं करतो:

१. उतार लागण्याआधीच गिअर खाली आणायचा. ज्या गिअरवर घाट चढलो, साधारण त्याच गिअरवर उतरायचा. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा मॅन्युअल मोड.

२. ब्रेक दाबून धरायचा नाही. वेग वाढला की नीट दाबायचा, सोडायचा.

मागच्याला घाई असेल तर त्याला खुशाल पुढे जाऊ द्या.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर मात्र कधीही उतरू नका. गाडी आवरत नाही.