किलपेकचं चर्च बघायचं कसं

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरच्या किलपेक खेड्यातलं हे चर्च साधारण ११४० सालचं, लाल वालुकाश्मात बांधलेलं. आकाराने इतकं लहान की पाच मिनिटांत उरकेल असं वाटतं. तसं करू नका. आधी बाहेरून सावकाश फेरी मारा. मान वर करून छपराखालचे दगडी तोडे, म्हणजे भिंतीतून पुढे आलेले कोरीव दगड, बघा, ऐंशीहून जास्त शिल्लक आहेत. त्यातली कुत्रा-सशाची जोडी चुकवू नका. एकमेकांना खेटून बसलेत, डोळे मोठ्ठे, माझा फार जीव आहे त्यांच्यावर.

मग दक्षिणेचा दरवाजा. माझ्या मते निम्मा वेळ इथेच द्यावा. कमानीखालच्या अर्धगोलात वेलीसारखा जीवनवृक्ष आहे. डावीकडच्या खांबावर वेलींत गुंतलेले योद्धे शोधा, त्यांच्या विजारींवरच्या रेघासुद्धा दिसतात! हात मात्र लावू नका, दगड जवळपास नऊशे वर्षं जुना आहे.

आत एका ओळीत तीन भाग: लोकांचं दालन, त्यापुढे वेदीकडचा भाग, शेवटी अर्धवर्तुळाकार गाभारा.

निघताना पश्चिमेच्या टेकाडावर चढा. तिथे जुन्या नॉर्मन गढीच्या भिंतींचे अवशेष आहेत, आणि खाली चर्च दिसतं.