परदेशातल्या दुकानांत ॲडव्हेंचर गेम शोधताना या चुका टाळा

परदेशी गेलेल्या नातेवाइकाकडे गेमची यादी पाठवण्याची पद्धत आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. यादीत मारधाडीचे गेम असतील तर फारसे बिघडत नाही, कारण भाषा कळली नाही तरी बंदूक चालवता येते. ‘मंकी आयलंड’, ‘ब्रोकन स्वोर्ड’, ‘सायबेरिया’, ‘एस ॲटर्नी’ किंवा ‘प्रोफेसर लेटन’ या कुळातल्या गेमचे तसे नसते. तिथे संवाद वाचायचे, वस्तू गोळा करायच्या, कोडी सोडवायची आणि गोष्ट पुढे न्यायची, एवढाच खेळ असतो. संवाद कळला नाही तर हातात काहीच उरत नाही. त्यामुळे हे गेम विकत घेताना जी सावधगिरी लागते ती इतर गेमना लागत नाही, आणि नेमकी तीच न बाळगल्यामुळे होणाऱ्या त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

‘ॲडव्हेंचर’ नावाचा कप्पा शोधणे

असा कप्पा बहुतेक दुकानांत नसतोच. लंडन असो, न्यूयॉर्क असो वा टोकियो, गेम आधी कन्सोलनुसार, म्हणजे ते ज्या खेळयंत्रावर चालतात त्यानुसार, आणि मग नावाच्या क्रमाने लावलेले असतात. विक्रेत्याला नुसते ‘ॲडव्हेंचर दाखवा’ म्हटले, तर तो ‘टूम रेडर’ किंवा ‘अनचार्टेड’सारखे मारधाडीचे गेम पुढे करतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. गेमचे नाव आणि कन्सोल सांगावे, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो.

जपानमध्ये नावाचा क्रम ‘काना’ या जपानी लिपीच्या वर्णमालेप्रमाणे असतो, आणि तिथे मराठी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा तो क्रम जातो. बौद्ध धर्माबरोबर जपानात पोहोचलेल्या भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून तो आला असल्यामुळे आपल्याला तो अर्धा पाठच असतो. ग हा क बरोबर, द हा त बरोबर आणि ब व प हे ह बरोबर धरतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे. ‘एस ॲटर्नी’चे जपानी नाव ‘ग्याकुतेन साइबान’ असल्याने तो ‘क’च्या ओळीत सापडतो, तर लेटन महाशय ‘रेइतोन’ होऊन ‘र’च्या ओळीत बसलेले असतात. टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या चार-पाच मजली दुकानात ज्यांना हे ठाऊक नसते ते तासभर भटकतात आणि मग ‘तिथे आता काही मिळत नाही’ असे सांगत परत येतात.

डब्याची मागची बाजू न वाचणे

सर्वाधिक पैसे या एका चुकीपायी वाया जातात, म्हणून ती सविस्तर सांगतो.

आमच्या ओळखीतला एक तरुण अभियंता कंपनीच्या कामासाठी पुण्याहून श्टुटगार्टला गेला होता. जर्मनी ही ॲडव्हेंचर गेमची मोठी बाजारपेठ. बाकीच्या जगात हा प्रकार मागे पडला, तेव्हाही तिथे नवे गेम निघत राहिले. ‘डेपोनिया’ काढणारी डेडॅलिक ही कंपनी 2007 साली हॅम्बुर्गमध्येच सुरू झाली. तेव्हा ‘मिळेल ते घेऊन ये’ असे त्याच्या मित्रांनी सांगणे साहजिक होते. या गृहस्थांनी खरेदी पुढे ढकलत ढकलत शेवटच्या शनिवारी संध्याकाळवर आणली, आणि जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात हे त्याच दिवशी कळल्यामुळे बंद होऊ घातलेल्या दुकानातून सवलतीच्या ढिगातले संगणकाचे डबे पुढची चित्रे पाहून उचलले. मला फोटो पाठवला तो पैसे भरून झाल्यावर.

त्यात ‘एडना ब्रिश्ट आउस’ होता, ‘गेहाइमआक्टे टुंगुस्का’ होता आणि ‘बाफोमेट्स फ्लूख’ होता. गेम तिन्ही चांगले. परंतु त्या तिन्ही डिस्कवर फक्त जर्मन भाषा होती. मेनूमध्ये भाषा बदलता येईल अशी त्याची ठाम समजूत होती, आणि मेनूमध्ये भाषेचा पर्यायच नव्हता. मग त्याने मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरून भाषांतर करून पाहिले. एका वाक्याचे भाषांतर उमटेपर्यंत पात्र पुढचे वाक्य बोलून मोकळे होई, आणि एडनाच्या गोष्टीतला विनोद बहुतांशी बोलण्याच्या ढंगावर उभा असल्यामुळे जे हाती लागे त्यात हसण्यासारखे काही नसे. तिसऱ्या डब्याची गंमत वेगळीच होती. ‘बाफोमेट्स फ्लूख’ म्हणजे आपला ‘ब्रोकन स्वोर्ड’, आणि तो त्याच्याकडे इंग्रजीत आधीपासून होता.

माझी सवय अशी की डबा हातात आला की तो प्रथम उलटा करायचा. जर्मन डब्यांवर मजकुराची आणि आवाजाची भाषा बहुधा वेगवेगळी छापलेली असते. ‘एंग्लिश’ हा शब्द दोन्हीकडे, निदान मजकुराकडे, दिसला पाहिजे. निन्टेन्डो स्विच आणि त्यानंतरच्या काळातल्या गेममध्ये अनेकदा पाच-सहा भाषा एकाच कार्डावर असतात, म्हणून नवे गेम त्या मानाने सुरक्षित; तरीही ‘अनेकदा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे, आणि जपानी ॲडव्हेंचर गेम तर बरेचदा फक्त जपानीतच असतात.

वाचण्याचे कष्ट घेणाऱ्याला ही चूक टळण्यापलीकडेही लाभ असतो. ‘ग्याकुतेन साइबान’चा पहिला भाग 2001 साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आला तो निव्वळ जपानीत, पण त्याचीच निन्टेन्डो डीएसवरची 2005 सालची जपानी आवृत्ती इंग्रजीतही खेळता येते. दोन्ही कार्ट्रिज एकाच दुकानात, काही हातांच्या अंतरावर पडलेली असतात. घाईत असलेला माणूस जुने आणि ‘अस्सल’ वाटणारे उचलतो. सिंगापूर आणि हाँगकाँगच्या दुकानांतही जपानी गेमच्या इंग्रजी आवृत्त्या मिळतात, पण टोकियोच्या मोहात तिकडे फारसे कोणी बघत नाही.

एकाच नावावर अडून बसणे

वरच्या ‘बाफोमेट्स फ्लूख’सारखी उदाहरणे कमी नाहीत. रिव्होल्यूशन कंपनीचा तो 1996 सालचा गेम ब्रिटनमध्ये ‘ब्रोकन स्वोर्ड’, अमेरिकेत ‘सर्कल ऑफ ब्लड’ आणि फ्रान्समध्ये ‘ले शेव्हालिए द बाफोमे’ या नावाने विकला गेला. लेटनच्या दुसऱ्या भागाचे युरोपातले नाव ‘पँडोराज बॉक्स’, तर अमेरिकेतले ‘डायबॉलिकल बॉक्स’. तिसरा भाग युरोपात ‘लॉस्ट फ्यूचर’ तर अमेरिकेत ‘अनवाउंड फ्यूचर’. न्यू जर्सीतल्या काकांनी एक आणि लंडनच्या मावशीने दुसरा पाठवला, आणि मालिका पूर्ण झाली म्हणून आनंदलेल्या मुलाला दोन्ही डब्यांत एकच गोष्ट मिळाली, असे मी पाहिले आहे. युरोपातला ‘अनदर कोड’ हा अमेरिकेत ‘ट्रेस मेमरी’ होता आणि ‘होटेल डस्क’ जपानात ‘विश रूम’ होता. यावर माझ्याकडे उपाय एकच आहे. एका छोट्या वहीत प्रत्येक हव्या असलेल्या गेमपुढे देशवार नावे, कन्सोल आणि भाषा लिहून ठेवतो. मोबाइलवरही ठेवता येईल, पण परक्या देशातल्या तळघरातल्या दुकानात सिग्नल गेल्यावर हवेत हात फिरवणारे लोक पाहिले की वहीच बरी वाटते.

डब्यात काय असायला हवे हे माहीत नसणे

जुन्या संगणकीय ॲडव्हेंचर गेमच्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना आज संग्राहकांच्या बाजारात चांगला भाव आहे, आणि तो भाव देणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण काय घेतो आहोत हे ठाऊक नसते. त्या काळी नक्कल रोखण्यासाठी गेमची एखादी किल्ली कागदावर दिलेली असे. 1990 सालच्या पहिल्या ‘मंकी आयलंड’बरोबर पुठ्ठ्याची दोन चकत्यांची चकती येई, पडद्यावर दिसणाऱ्या चाच्याचा चेहरा ती फिरवून जुळवायचा आणि खिडकीत दिसणारे साल टाइप करायचे, तरच खेळ सुरू होई.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका परिचितांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून 1992 सालचा ‘किंग्ज क्वेस्ट’चा सहावा भाग घेतला. खोका सुबक होता, दुकानाने वर प्लॅस्टिक चढवले होते आणि ‘संपूर्ण’ अशी चिठ्ठीही लावली होती. त्यांनी प्लॅस्टिक घरी येऊन फोडले. खेळ सुरळीत सुरू झाला, म्हणून सर्व ठीक असल्याचे त्यांनी गृहीत धरले. पुढे त्या खेळात तर्काचे कडे नावाची जागा येते. कड्यावर कोरलेली कोडी सोडवली की चढायला पायऱ्या बाहेर येतात, आणि त्या कोड्यांची उत्तरे खेळात कुठेच नसून खोक्याबरोबर येणाऱ्या ‘हरित बेटांच्या’ माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका त्या खोक्यात नव्हती. राजपुत्र अलेक्झांडर कड्यावरून कोसळत राहिला आणि हे गृहस्थ डिस्क खराब आहे, संगणक नवा आहे, सेटिंग चुकले आहे असे एकेक कारण शोधत राहिले. मला विचारले तेव्हा मी प्रथम पुस्तिकेचेच विचारले, तर ‘जाहिरातीचे कागद असतात त्यातच असेल’ असे उत्तर मिळाले. दुकानाने परत घेण्याची मुदत तोपर्यंत उलटून गेली होती. पुस्तिकेतला मजकूर आज शोधून वाचता येतो, त्यामुळे खेळ पूर्ण झाला. परंतु पैसे मोजले होते ते संपूर्ण संचाचे.

दुकानदाराला प्लॅस्टिक उघडून दाखवायला सांगण्यात कसलाही संकोच नसावा. नकार मिळाला तर खोका तिथेच ठेवून पुढे जावे. जपानी जुन्या दुकानांची या बाबतीत मला कदर वाटते. खोका आणि पुस्तिका सोबत आहेत की नाहीत हे तिथे किमतीच्या चिठ्ठीवरच लिहिलेले असते.

नव्या डब्यांचा प्रकार याहून विचित्र आहे. काही डब्यांत कार्डच नसते, फक्त डाउनलोडचा कोड छापलेला कागद असतो, आणि तो कोड ज्या प्रदेशाचा त्याच प्रदेशाच्या खात्यावर चालतो. स्विच 2 बरोबर 2025 पासून ‘गेम-की कार्ड’ आली आहेत; त्या कार्डात खेळ नसून तो इंटरनेटवरून उतरवून घेण्याची परवानगी असते, मात्र कार्ड घातल्याशिवाय तो चालत नाही. दोन्हींची सूचना डब्याच्या पुढच्या बाजूला छापलेली असते. ‘आज काय काय मिळाले’ असे व्हिडिओ करणाऱ्या मंडळींना ती सूचना कधी दिसत नाही, याचे मला नवल वाटणे आता थांबले आहे.

जुनी डिस्क नव्या विंडोजवर थेट चालेल असे मानणे

चालणार नाही, असे धरूनच विकत घ्यावी. नव्वदच्या दशकातल्या अनेक गेमचे इन्स्टॉलर 16 बिटचे असतात आणि 64 बिट विंडोज ते उघडतच नाही. त्यानंतरच्या कित्येक डिस्कवर सेफडिस्क नावाचे नक्कल रोखणारे संरक्षण आहे, ज्याला विंडोज 10 मध्ये 2015 पासून आधारच नाही. लोक यावर कुठून तरी ‘क्रॅक’, म्हणजे ते संरक्षण तोडणारी फाइल, उतरवतात आणि मग संगणकात भलतेच काही शिरले म्हणून रडत बसतात. या आडवाटेची गरज पडत नाही. स्कमव्हीएम हा मोफत प्रोग्राम 2001 पासून उपलब्ध आहे; डिस्कवरच्या फाइली त्याला दाखवल्या की लुकासआर्ट्स आणि सिएरा या कंपन्यांचे बहुतेक गेम, ‘ब्रोकन स्वोर्ड’चे पहिले दोन भाग, आणि 2021 सालच्या 2.5 आवृत्तीपासून ‘ग्रिम फँडँगो’ व ‘द लाँगेस्ट जर्नी’ही चालतात. खरेदीआधी त्याची यादी पाहावी. यादी वाचायला पाच मिनिटे लागतात, आणि तेवढा धीर नसलेल्या माणसाने ॲडव्हेंचर गेम का घ्यावा हे मला समजत नाही.

उरलेल्या चुका

प्रदेशबंदी: निन्टेन्डो डीएस आणि स्विचचे बहुतेक गेम कुठेही चालतात, पण 3डीएसचे चालत नाहीत, अमेरिकी 3डीएसवर युरोपातला लेटन उघडणार नाही.

डिस्क न घालता येणारा कन्सोल: प्लेस्टेशन 5 (पीएस5) ची डिजिटल आवृत्ती आणि पीएस5 प्रो यांत ड्राइव्ह मुळात नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि 2020 सालच्या पहिल्या डिजिटल आवृत्तीला तर तो जोडताही येत नाही. भेट देण्याआधी विचारावे.

पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाणे: जपानमध्ये करमुक्त खरेदी त्याशिवाय होत नाही. अमेरिकेत चिठ्ठीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर वाढतो.

मुंबई-पुण्याच्या दुकानात डब्याचा देश न पाहणे: निन्टेन्डोचे गेम आपल्याकडे अधिकृतपणे विकले जात नसल्यामुळे एकाच कप्प्यात चार देशांचा माल असतो. डब्यावरची वयोगटाची खूण पाहावी: चौकोनात आकडा आणि पेगी असे लिहिले असेल तर युरोप, टोकावर उभ्या चौकटीत आकडा असेल तर जर्मनी, सेरोचे ए, बी, सी, डी किंवा झेड अक्षर असेल तर जपान, आणि ईएसआरबीचे काळे-पांढरे अक्षर असेल तर अमेरिका.

‘जंक’च्या पेटीतून घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करणे: जपानी जुन्या दुकानांत जंक म्हणजे चालेलच याची हमी नाही आणि परतही घेणार नाही, असा सरळ अर्थ असतो. किंमत त्या हिशेबानेच ठेवलेली असते, म्हणून तिथून फक्त तेच उचलावे जे बंद पडलेले निघाले तरी खोका आणि पुस्तिकेसाठी हवे होते.