लिफ्ट हवी असेल तर आधी चेंबर उघडा: सोसायटीत आघाडी कशी बांधायची

आमची बिल्डिंग तळमजला अधिक चार, प्रत्येक मजल्यावर चार घरं, एकूण २० फ्लॅट, आणि लिफ्ट नाही. बांधली तेव्हा सगळे तिशीतले होते, आता निम्मे सत्तरीत आहेत आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने खाली उतरल्या नव्हत्या. लिफ्टचा विषय दर एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेला) निघायचा, आरडाओरडा व्हायचा, वडापाव खाऊन सगळे घरी. सहा वर्षं हेच. शेवटी लिफ्ट बसली, ती कशी ते सांगतो, कारण गावातली शाळा समिती असो, ऑफिसातली युनियन असो नाहीतर राज्याचं सरकार, गणित थोड्याफार फरकाने हेच असतं.

पहिलं काम वहीचं. २० नावं लिहा आणि प्रत्येकापुढे हो, नाही किंवा अधांतरी. हे सगळेच करतात, पण खरा उपयोग त्यापुढच्या रकान्याचा: याला ही गोष्ट *कशासाठी* हवी किंवा नकोय, आणि हा *कोणाचं ऐकतो*. मी हे लिहायला बसलो तेव्हा कळलं की "हो"वाल्यांचीही कारणं एक नाहीत. आजींना गुडघा, तिसऱ्या मजल्यावरच्या एकाला फ्लॅट विकायचाय म्हणून भाव, एकाचा मुलगा कॅनडात, तो रोज फोनवर आईबाबांची काळजी करतो म्हणून त्याच्या डोक्याला शांतता. सगळ्यांना एकच कारण पटवायला जाऊ नका, प्रत्येकाला आपापल्या कारणाने येऊ द्या. मनं जुळायची वाट बघत बसलात तर बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल तरी लिफ्ट येणार नाही.

याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समिती. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापना झाली आणि त्यात कोण कोण होतं बघा: कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन, शिवाय हिंदू महासभा आणि जनसंघसुद्धा. कम्युनिस्ट डांगे आणि समाजवादी एसेम जोशी एका व्यासपीठावर, एरवी यांचे पक्ष एकमेकांवर तुटून पडायचे. मागणी एकच, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. अर्थव्यवस्था कशी असावी, धर्माचं काय, रशिया चांगला की वाईट, हे सगळं चपलांसारखं दाराबाहेर. म्हणून एकच मागणी ठेवा. आमच्यात तिसऱ्या मीटिंगला कोणीतरी म्हणालं, लिफ्टबरोबर पार्किंगचे पट्टे पण मारून घेऊ आणि सीसीटीव्ही पण. मी हात जोडले. पार्किंग घातलं असतं तर त्याच दिवशी आमचे चार लोक गेले असते.

आता विरोधक. आमचा खरा विरोध तळमजल्याचा, आणि त्यांचं चुकीचं काय होतं? लिफ्ट वापरायची नाही आणि पैसे मात्र द्यायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर जे चालायचं ते विचारू नका, "स्वार्थी", "माणुसकी नाही" वगैरे. ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. तिथे माणूस एकदा "नाही" लिहून बसला की नंतर पटलं तरी मागे येत नाही, सगळ्यांसमोर नाक कापलं जातं ना. घरी जा, चहा घ्या आणि लिफ्टचा विषय काढू नका.

मी तळमजल्यावरच्या काकांकडे गेलो. चहा झाला, मग ते काही न बोलता उठले, मला मागच्या बाजूला घेऊन गेले आणि लोखंडी सळईने ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उचकटलं. आत काठोकाठ भरलेलं, वर साबणाचा फेस, आणि वास असा की मी दोन पावलं मागे सरकलो. म्हणाले, "पावसात हे माझ्या बाथरूममधून वर येतं. चार वर्षं अर्ज देतोय, कमिटी म्हणते फंड नाही. आणि तुम्हाला लिफ्टला फंड आहे?" यावर काय बोलणार, खरंच होतं. अर्जांच्या झेरॉक्स पण काढून दाखवल्या, एका फाईलमध्ये, तारखेसकट.

तिथे डील झालं. आधी चेंबर आणि मागची लाईन, मग लिफ्ट, आणि लिफ्ट *बसवायचा* खर्च तळमजल्यावर शून्य, पहिल्या मजल्यावर निम्मा. महत्त्वाचं म्हणजे आपला हप्ता आपण आधी भरायचा. आम्ही वरच्या मजल्यावरच्या सहा जणांनी कमिटीच्या मागे लागून लाईन बदलून घेतली, मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि तोपर्यंत लिफ्टचं नाव काढलं नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला, काकांचं बाथरूम कोरडं, आणि दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले की तळमजल्याच्या बाकीच्या तिघांशी मी बोलतो. मी दहा वेळा गेलो असतो तरी ते काम झालं नसतं.

चेहरा कोणाचा हाही प्रश्न येतो. माझं चेअरमनशी आधीच वाजलेलं, त्यामुळे मी मागे राहिलो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड बाईंना पुढे केलं, ज्यांनी बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांच्या शिकवण्या घेतल्यात. श्रेयाचा मोह सोडता येत नसेल तर या भानगडीत पडू नका. संयुक्त महाराष्ट्र समितीतही पदं फिरती ठेवली होती, मुंबईच्या महापौरपदावर मिरजकर आले ते कम्युनिस्ट आणि त्यांच्यानंतर बोराळे, ते शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या बाजूचे. पंगतीत आपलीही पाळी येणार हे दिसलं की माणूस बसून राहतो.

अजून एक, जे मला उशिरा कळलं. प्रत्येक घर स्वतःच एक आघाडी असतं. एका फ्लॅटमधल्या साहेबांनी मला तीन वेळा "पूर्ण पाठिंबा" दिला, सही करायच्या दिवशी वहिनी म्हणाल्या आमचं काही ठरलेलं नाही, आणि फ्लॅट त्यांच्या नावावर! २०१९ ला राज्यात महाविकास आघाडीच्या तीन पक्षांनी किमान समान कार्यक्रम लिहून काढला, २८ नोव्हेंबरला शपथविधी झाला, आणि जून २०२२ मध्ये आघाडी तीन पक्षांच्या भांडणातून नाही तर त्यातला एक पक्ष आतून फुटल्यामुळे सत्तेतून गेली. तेव्हा दार उघडणाऱ्याशी बोलून परत येऊ नका, आतल्या खोलीत कोण आहे ते बघा.

मीटिंगचं थोडक्यात. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, म्हणजे आम्हाला चार सह्या पुरत होत्या, आम्ही अकरा दिल्या, मुद्दाम. चेअरमननी कागद बघितला आणि सूरच बदलला. प्रॉक्सी, म्हणजे आपल्या बदल्यात दुसऱ्याने मत देणं, चालत नाही, त्यामुळे बाहेरगावी राहणाऱ्यांना तारीख विचारूनच सभा ठरवा. ठराव आधीच शब्दन् शब्द लिहून आणा, कोण किती देणार त्या आकड्यासकट. आणि सभेत मतं मोजायची वेळ यायला नको, ती आदल्या रात्री वहीत मोजून झालेली असली पाहिजेत. आमचे १६ धरले होते, १७ आले. चेअरमनना आम्ही ठराव मांडायला सांगितला. त्यांनी मांडलासुद्धा, असा की जणू सहा वर्षं तेच झगडत होते. मांडू दे.

पालिकेची परवानगी, स्ट्रक्चरल इंजिनिअर, लिफ्टचं लायसन्स हा वेगळा वैताग आहे, त्याला वर्ष गेलं.

काम झालं की आघाडी मोडते, याचं वाईट वाटून घेऊ नका. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि संयुक्त महाराष्ट्र समितीतले पक्ष लवकरच आपापल्या वाटेला लागले. आमचंही तेच. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, लिफ्टच्या *मेंटेनन्सचा* खर्च वापर असो नसो सगळ्यांनी सारखा द्यायचा असतो, ते आमच्या ठरावात लिहायचं राहिलं, आणि गेल्या एजीएमला काका नवी फाईल घेऊन आले. पहिल्या पानावर माझंच नाव आहे.