गेमचा कॅमेरा: या चुका टाळा

“आधी गेम उभा करू, कॅमेऱ्याचं मग बघू,” असं म्हणणारा कुणीतरी दर गेम जॅमला (ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायचा मेळावा) भेटतोच. अरे बाबा, कंट्रोलरची स्टिक वर ढकलली की पात्र कुठे जाणार, हे कॅमेऱ्यावरच ठरतं. तो शेवटी चिकटवलात तर कंट्रोल्स पुन्हा लिहायची तयारी ठेवा. मी रिकामी खोली, एक करडा ठोकळा आणि कॅमेरा एवढ्यावर सुरुवात करतो. त्यात फिरायला मजा येईपर्यंत मॉडेल्सना हात लावत नाही.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे कॅमेरा कट झाला, म्हणजे दृश्य एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर गेलं, की दिशा उलटणं. एका टीमनं पडक्या वाड्यावर हॉरर गेम केला होता. खोलीगणिक एक स्थिर कॅमेरा, प्रकाशयोजना तर बघत राहावी अशी. खेळायला बसलेली मुलगी स्टिक वर धरून माजघरात शिरली. तिथला कॅमेरा समोरच्या भिंतीवर, म्हणजे ‘वर’ आता दाराकडे. पात्र बाहेर आलं. बाहेरच्या कॅमेऱ्यानं पुन्हा आत ढकललं. मागे भूत, पात्राची उंबऱ्यावर ये-जा, आणि अख्खा हॉल हसतोय. टीमचा उपाय काय, तर कट होताना स्क्रीन काळी करायची! स्टिक धरलेलीच असेल तर काळोखानं काय होणार?

1996 च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या हॉरर गेममध्ये ‘वर’ म्हणजे पात्राचं तोंड असेल तिकडे. त्या टँक कंट्रोल्सना लोक नावं ठेवतात, पण कॅमेरा कितीही बदलला तरी चाल चुकत नाही. ते जड वाटत असतील तर त्याच गेमच्या रीमेकची 2015 ची एचडी आवृत्ती बघा: स्टिक धरलीय तोवर जुनी दिशा, सोडून पुन्हा ढकलली की नवी. मी सरळ हेच वापरतो.

पात्र थरथरतं? युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कॅमेरा ‘लेटअपडेट’मध्ये, म्हणजे त्या फ्रेममधली बाकी हालचाल झाल्यावर हलवा. पात्राला रिजिडबॉडी (भौतिकीच्या नियमांनी हलवणारा घटक) असेल तर त्याचं इंटरपोलेशन, म्हणजे मधल्या जागा भरून चाल सलग दाखवणं, चालू करा.

फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये, ‘90 चांगला’ असं ऐकून फील्ड ऑफ व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याला किती दिसतं तो कोन) 90 अंश टाकू नका. युनिटी तो कोन उभा मोजते. 16:9 स्क्रीनवर आडवा 121 च्या आसपास जातो आणि कडा ताणल्या जातात. मुळातला 60 आडवा 91 भरतो.

खांद्यामागच्या कॅमेऱ्यात गोळी थेट बंदुकीच्या नळीतून सोडली तर क्रॉसहेअरवर (स्क्रीनवरची नेमाची खूण) लागत नाही. आधी कॅमेऱ्यातून रे (न दिसणारी सरळ रेषा) टाका, तो जिथे आदळेल तिकडे नळी वळवा. मध्ये भिंतीचा कोपरा येत असेल तर तसं खेळणाऱ्याला दिसू द्या.