कॅन्डिड फोटो काढायचेत? आधी मंडईत अर्धा तास नुसतं उभं राहा

माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोत लसूणवाल्या मावशी आहेत. दहाची नोट ओठांत धरून दोन्ही हातांनी पिशवीला गाठ मारताहेत, आणि मागे पोत्यांवर रेलून काका गाढ झोपलेत. हे काका मला फोटो काढताना दिसलेच नव्हते, घरी येऊन बघितलं तेव्हा सापडले. पण फोटो नशिबाने मिळाला असं मी म्हणणार नाही, कारण त्या गाळ्यापुढे उभं राहायचा तो माझा तिसरा रविवार होता. कॅन्डिड, म्हणजे पोझ न घेतलेल्या माणसांचे फोटो काढायची, नोकरी सांभाळून हौसेखातर फोटो काढणाऱ्याला जमेल अशी ती पद्धत इथे सांगतो.

१. जागा एकच धरा

नवखा माणूस कॅमेरा घेऊन गावभर हिंडतो. पाय दुखतात आणि हाती पाठमोरी माणसं लागतात. त्यापेक्षा एक ठिकाण धरा. माझं ठिकाण पुण्यातली महात्मा फुले मंडई. १८८६ साली उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याखाली भाजीचे गाळे. इमारतीचे फोटो ढिगाने निघालेत, त्या नादाला लागू नका. कमानीतून किंवा दारातून उजेड तिरपा आत येतो आणि एखाद्या गाळ्यावर पडतो, तो गाळा शोधा. सकाळी आठ ते दहा बरं असतं. माणसं तिथे आपोआप येतात, आपण फक्त उजेडापाशी थांबायचं.

तुमच्या गावात आठवडी बाजार असेल, एसटी स्टँड असेल, लग्नघरातली स्वयंपाकाची बाजू असेल, तिथेही हेच चालतं. लग्नात तर स्टेजकडे पाठ करून उभे राहा.

२. कॅमेरा आधीच लावून ठेवा

प्रसंग दोन सेकंदांचा असतो, तेवढ्यात बटणं फिरवत बसलात तर गेला. शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, १/२५० सेकंद ठेवा, चालती माणसं आणि हलते हात बहुतेक वेळा स्वच्छ येतात. बसलेल्या माणसाला १/१२५ पुरतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० द्या. थोडे दाणे दिसले तर दिसू देत, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो कधीही चांगला.

बाहेर भरपूर उजेड असेल तर फोकसची कटकटच मिटवता येते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ/८, आणि फोकस हाताने ३ मीटरवर. मग साधारण २ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. तीन मीटर म्हणजे माझी चार पावलं. घरात खुर्ची ठेवून हे अंतर एकदा मोजा, दोनचार दिवसांत नजरेत बसतं. गाळ्याच्या आतल्या अंधारात मात्र एफ/८ परवडत नाही. तिथे एफ/४ वर या, भोक मोठं होऊन जास्त उजेड आत येतो, आणि ऑटोफोकस वापरा.

फोन असेल तर झूम करू नका, पुढे जा. बऱ्याच फोनवर आवाजाचं बटण दाबूनही फोटो निघतो, म्हणजे स्क्रीनवर बोट शोधत बसावं लागत नाही. फ्लॅश बंद.

३. लपू नका

इथेच बहुतेकांचं चुकतं. लांबून २०० मिमीची लेन्स रोखायची आणि त्याला कॅन्डिड म्हणायचं! त्यात चेहरा येतो, पण त्याच्या आजूबाजूचं सगळं धुऊन जातं, आणि समोरच्याने पाहिलं तर तुम्ही टेहळणी करताय असंच त्याला वाटतं.

होमाई व्यारावाला आठवा. १९१३चा जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचा एक फोटो आहे: नेहरू स्वतःच्या ओठांत सिगारेट धरून ब्रिटिश उप-उच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देताहेत. साडी नेसून मोठा कॅमेरा घेतलेली ही बाई कुणाला दिसत नव्हती थोडीच! दिसायची, पण तिचं तिथे असणं सवयीचं झालं होतं.

तशी सवय लावायला वेळ लागतो. पहिल्या रविवारी मी मावशींकडून पाव किलो लसूण घेतला आणि कॅमेरा नुसता गळ्यात ठेवला. दुसऱ्या रविवारी त्यांनीच विचारलं, “काय हो, पेपरात येणार का?” म्हटलं, “नाही हो मावशी, हौस आहे.” “मग काढा बापडे,” म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

४. चेहरा नाही, हात बघा

बटण कधी दाबायचं? चेहऱ्यावर भाव येईपर्यंत थांबलात तर उशीर होतो. हात आधी बोलतात. सुटे मोजणं, पदर खोचणं, घासाघीस करताना भेंडी मोडून बघणं. माणूस कामात असला की त्याला आपला चेहरा सांभाळायला फुरसत नसते.

वारीत हे फार जाणवतं. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा सगळे कॅमेरे फुगडीकडे आणि तुळशीवृंदावनाकडे. तुम्ही मुक्कामाच्या शाळेत, मांडवात जा. कुणी वारकऱ्यांचे पाय चेपत असतं, कुणी चपला शिवून देत असतं, कुणी दाढी करून देत असतं. भेगाळलेली टाच कुणाच्या तरी मांडीवर टेकलेली असते. वारी मला तिथे दिसते.

५. नको म्हटलं की नको

कुणी पाहिलं तर हसून मान हलवा, फोटो दाखवा. हरकत घेतली तर समोरच पुसून टाका, वाद घालू नका. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाहीत. आंघोळ करणारी माणसं, दवाखान्याच्या दारात रडणारी माणसं यांच्याकडे कॅमेरा वळवूच नये असं माझं मत आहे. एकदा केस विंचरणाऱ्या आजींनी तोंड फिरवलं तरी मी बटण दाबलं होतं. फोटो छान आला होता, पण दर वेळी बघताना मलाच चोरी केल्यासारखं व्हायचं. शेवटी काढून टाकला.

६. आठ दिवस बघू नका

एका सकाळचे दीडदोनशे फोटो होतात. त्याच दिवशी निवडायला बसलात तर घेतलेल्या कष्टांना मार्क देता. आठवड्याने उघडा आणि दहा ठेवा. मग चारही कोपरे तपासा, कारण काका कोपऱ्यातच सापडतात. त्या दहातला एखादा सहा बाय चार इंचावर छापून घ्या आणि त्याची एक प्रत ज्याचा फोटो आहे त्याला द्या.

मावशींना दिला तेव्हा आधी त्यांनी नोट बघितली, मग काका. एवढ्या हसल्या की शेजारची कोथिंबीरवाली उठून बघायला आली. काका मात्र तेव्हापासून मला लांबून बघितलं तरी टोपी नीट करून ताठ बसतात. त्यांचा धड फोटो मला अजून मिळालेला नाही.