सफरचंदाची सायडर आंबवताना: फेस, एअरलॉक आणि उतू जाणारी बरणी

इंग्लंडमध्ये सप्टेंबर सरत आला की घरांच्या फाटकाबाहेर सफरचंदांचे खोके दिसू लागतात, 'हवी तेवढी न्या' अशी चिठ्ठी लावलेले. तिथे घरच्यापुरती सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य, करायला परवाना लागत नाही, विकायची असेल तर मात्र नियम वेगळे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं जिथे कायदा परवानगी देतो तिथल्यांसाठी.

पहिल्यांदा करणाऱ्यांची बहुतेक धांदल पहिल्या आठवड्यातच उडते, कारण आत किती वायू तयार होतो याचा अंदाज नसतो. साडेचार लिटरच्या डेमिजॉनमधल्या, म्हणजे अरुंद तोंडाच्या काचेच्या बरणीतल्या, रसात साधारण अर्धा किलो साखर असते. यीस्ट ती खातं तेव्हा निम्म्याचा अल्कोहोल होतो आणि जवळजवळ निम्म्याचा कार्बन डायऑक्साइड. हा वायू घरातल्या तापमानाला सव्वाशे लिटरच्या आसपास भरतो. तो सगळा बरणीच्या तोंडातूनच बाहेर पडणार. त्यामुळे सुरुवातीला वाट रुंद हवी. हवा आत येऊ न देण्याची काळजी नंतरची.

रस भरताना बरणी गळ्यापर्यंत भरू नका. वरचा पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवा आणि उरलेला रस झाकून फ्रिजमध्ये ठेवा. घरी पिळलेल्या रसात गर जास्त, म्हणून त्याला फेसही जास्त येतो, तपकिरी आणि चिकट. दुकानातला गाळीव रस बराच शांत असतो. तो घेताना लेबल वाचा. पोटॅशियम सॉर्बेट घातलेलं असेल तर यीस्ट नीट वाढणार नाही. खोली १५ ते २० अंशांची पुरे. ऊब वाढली की फेसही उसळतो. बरणी परातीत ठेवा, म्हणजे उतू गेलं तरी जमीन वाचते.

एअरलॉक म्हणजे बुचात बसणारी पाण्याची छोटी झडप, वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी. पहिले काही दिवस त्याऐवजी जाड नळी लावणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. बुचाच्या भोकात घट्ट बसेल अशी, मिळेल तितकी रुंद, जंतुनाशक द्रावणातून काढलेली नळी घ्या. तिचं दुसरं टोक पाणी भरलेल्या जगमध्ये दोन-तीन सेंटीमीटर बुडवा आणि जग बरणीपेक्षा खाली ठेवा. रात्री गारठा वाढला की आतला वायू आकसतो आणि नळीतलं पाणी मागे ओढलं जातं. जग खाली असला तर ते बरणीपर्यंत चढत नाही. फेस नळीतून जगमध्ये आला तर येऊ द्या, फक्त पाणी बदलत राहा.

एअरलॉकच वापरायचा असेल तर तीन भागांचा घ्या, तो उघडून धुता येतो. त्याच्या दांडीच्या खालच्या टोकाला बऱ्याचदा प्लॅस्टिकची बारीक फुली असते. गर नेमका तिथेच अडकतो, म्हणून ती कात्रीने कापून टाकावी. एस आकाराच्या एअरलॉकमध्ये गर शिरला तर वळणात बसतो आणि निघता निघत नाही. तो शांत झालेल्या सायडरसाठी ठेवा.

एअरलॉकमध्ये फेस चढलेला दिसला तर वाट पाहू नका. वाट पूर्ण तुंबली तर बूच उडून छताला रस लागतो, आणि बूच फार घट्ट असेल तर काचही फुटू शकते. बूच हळूच सैल करा, वायू जाऊ द्या, मग एअरलॉक काढा. बरणीच्या तोंडावर द्रावणात बुडवलेल्या फॉइलचा तुकडा सैल ठेवा. एअरलॉक गरम पाण्याने धुऊन, निर्जंतुक करून, खुणेपर्यंत नवं पाणी भरून परत बसवा. या जोमाच्या दिवसांत वायू सतत बाहेर ढकलत असतो, त्यामुळे दहा मिनिटं तोंड उघडं राहिल्याने सायडर बिघडत नाही. सांडलेला रस मात्र लगेच पुसा. त्यावर चिलटं येतात, आणि त्यांच्यासोबत सायडरचं व्हिनेगर करणारे जिवाणूही.

फेस बसला की नळी काढून एअरलॉक लावा आणि ठेवलेला रस घालून बरणी गळ्यापर्यंत भरा. रस थोडा-थोडा घाला, कारण ताजी साखर मिळाली की फेस पुन्हा उठू शकतो. आता वायू कमी, म्हणून वर मोकळी जागाही कमी हवी. इथून पुढे एअरलॉकमधलं पाणी आटू न देणं महत्त्वाचं. दर आठवड्याला एकदा बघा.

बुडबुडे थांबले म्हणजे सायडर झाली असं समजू नका. बूच सैल असेल तर वायू कडेने निसटतो आणि एअरलॉक गप्प दिसतो. गारठ्याने यीस्टही मंदावतं. भरवसा हायड्रोमीटरवर ठेवा, तो रसाची घनता मोजतो आणि त्यावरून उरलेली साखर कळते. रस १.०५० च्या आसपास सुरू झाला असेल तर तो १.००० किंवा त्याखाली उतरायला हवा, आणि काही दिवसांच्या अंतराने घेतलेली मोजणी तीच यायला हवी. त्याआधी बाटल्या भरून घट्ट बंद केल्या तर उरलेल्या साखरेचा वायू आत कोंडतो आणि बाटली फुटते.