स्पिटफायर-हरिकेन बनवताय? 'सिग्नल गेला' म्हणण्याआधी या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या माळावर एखादं वॉरबर्ड (दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं रेडिओवर उडणारं मॉडेल) पडलं की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "सिग्नल गेला." ढिगाऱ्यातून रिसीव्हर काढून बॅटरी जोडली की सगळे सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बिनतक्रार हलतात. २.४ गिगाहर्ट्झचा धड रेडिओ शे-दोनशे मीटरवर सहसा दगा देत नाही. दोष बहुतेक वेळा पंखात किंवा वजनात असतो आणि तो घरच्या टेबलावरच शिरलेला असतो.

वजन हजाराने भागून मोकळं होणं

"मूळ स्पिटफायर अडीच टनांहून जड. १:१० मापाला हजाराने भागलं की अडीच किलो. मग चालतंय की!" गणित बरोबर आहे, पण विमान त्याने उडत नाही. या मापात पंखांची लांबी ११२ सेंमी आणि क्षेत्रफळ सुमारे २२.५ चौरस डेसिमीटर येतं. ९०० ग्रॅमचं मॉडेल ताशी ३० किमीच्या आसपास स्टॉल होतं (पंखाची उचल सुटते), अडीच किलोचं ताशी ५० किमीलाच. एवढ्या वेगाने दगडगोट्यांच्या माळावर उतरवून दाखवा. त्यात सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. मे महिन्यात पारा ३८ ला गेला की इथली हवा प्रमाण हवेपेक्षा साधारण १३ टक्के विरळ असते. पंख आणि प्रोपेलर दोघांचाही जोर तेवढा उतरतो. म्हणून उन्हाळ्यात उडवायचं ते सकाळी आठच्या आत, आणि वजन हजार ग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

वजन चढतं ते शेपटीत. स्पिटफायरचं नाक आखूड. गुरुत्वमध्यापासून शेपटी सुमारे ५८ सेंमी मागे आणि शिसं बसवायची जागा जेमतेम २० सेंमी पुढे. दोन ९ ग्रॅमचे सर्व्हो शेपटीत टाकले की नाकात ५० ग्रॅमच्या वर शिसं गेलंच. सर्व्हो पंखाखालीच ठेवा आणि कार्बनच्या काडीने मागे जोडा. शेपटीला हलकी बाल्सा (मॉडेलसाठीचं हलकं लाकूड) निवडून घ्या. दुकानात दोन शीट हातात धरून फरक कळत नसेल तर खिशातला छोटा वजनकाटा काढा, दुकानदार हसला तरी चालेल.

रंगाचंही तेच. गाडीच्या टच-अप स्प्रेचे तीन हात म्हणजे सहज ८०-१०० ग्रॅम, शिवाय डेप्रॉन (फोमची शीट) विरघळतं ते वेगळंच. पाण्यातला ॲक्रिलिक पातळ करून एकच हात द्या. थर्मोकोल किंवा डेप्रॉनवर फेव्हिक्विकही नको, फोम खातं.

गुरुत्वमध्य मुळाच्या कॉर्डवर मोजणं

"पुढून एक तृतीयांशावर बॅलन्स" हा सरधोपट नियम स्पिटफायरला लावला की नाश. पंख लंबवर्तुळाकार आहे, म्हणून सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) मुळाच्या कॉर्डच्या ०.८५ पट धरायची. मुळाशी २५ सेंमी तर सरासरी सव्वाएकवीस. गुरुत्वमध्य तिच्या २५ टक्क्यांवर; तिची पुढची कड मुळाच्या कडेहून थोडी मागे असते, म्हणून तो पंखाच्या मुळाशी पुढच्या कडेपासून साधारण सव्वासहा सेंमी मागे येतो. तिथे दोन बोटांवर विमान तोला, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. बॅटरी बसवूनच तोला. बॅटरीशिवाय तोलणारे महाभाग दर हंगामात निघतात.

वॉशआउट न देणं

सगळ्यात जास्त विमानं या चुकीने जातात आणि सगळ्यात कमी लोक ती कबूल करतात. खऱ्या स्पिटफायरचा पंख मुळाशी अधिक २ अंशांत, तर टोकाला उणे अर्ध्या अंशात बसवलेला होता. म्हणजे टोकाकडे अडीच अंशांचा पीळ. त्यामुळे पंखाचं मूळ आधी स्टॉल होतं, विमान थरथरून इशारा देतं आणि टोकावरचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या) तोवर काम करत राहतात. आपले लोक काचेवर पंख सपाट चिकटवतात. वर टोकाची कॉर्ड अरुंद, लहान मापात ती आणखी लवकर स्टॉल होते.

मिरजेकडच्या एकाचं असंच स्पिटफायर सगळ्यांनी पाहिलं. छलावरण, गोल खुणा, पायलटची मूर्ती, सगळं हुबेहूब. वजन १,४०० ग्रॅम. टेकऑफ देखणा झाला, चकराही देखण्या. शेवटच्या वळणाला वारा पाठीमागून होता, त्यामुळे जमिनीवरून बघताना विमान जोरात चाललंय असं वाटलं. त्याने थ्रॉटल कमी केलं. वळण चुकतंय म्हणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढला. डावा पंख पडला, त्याने उजवा एलेरॉन दिला, तशी गिरकी आणखी पक्की झाली. विमान थेट शेजारच्या तोडीला आलेल्या उसात. पुरुषाच्या वर दोन हात ऊस, पाचट अंगाला कापतंय आणि शोधणारे एकमेकांना हाका मारतायत. सापडल्यावर निदान अर्थातच "सिग्नल". पंखाचा शाबूत तुकडा मुळासकट काचेवर ठेवला, तर मागची कड टोकापर्यंत काचेला चिकटलेली. पीळ शून्य.

उपाय अगदी स्वस्त आहे. शेवटच्या रिबची (पंखातल्या फासळीची) कॉर्ड १२ सेंमी असेल तर चिकटवताना तिच्या मागच्या कडेखाली ५ मिमीची पट्टी ठेवा, मुळाखाली काही नको. एवढ्याने अडीच अंश मिळतात. दोन्ही पंखांना तीच पट्टी वापरा. पंखावरची प्लास्टिक फिल्म इस्त्रीने ताणताना पीळ जातो, म्हणून शेवटचा हात देताना पंख पिळूनच धरा आणि नंतर काचेवर तपासा. उतरताना वळण ३० अंशांपलीकडे झुकवू नका. ६० अंशांत उंची राखून वळलं तर स्टॉलचा वेग १.४ पट होतो. पंख पडलाच तर एलेरॉनला हात लावू नका. एलिव्हेटर सोडा, पडलेल्या पंखाच्या उलट रडर (शेपटीची उभी पट्टी) द्या, मग थ्रॉटल.

बाकीच्या चुका थोडक्यात:

एलेरॉन उलटे. रिमोटची काडी उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. दरवेळी मोठ्याने म्हणून तपासा.

चार पात्यांचा हुबेहूब प्रोपेलर शोकेससाठी. उडवायला दोन पात्यांचा.

मोटर सरळ बसवणं. दोन-तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे झुकवा, नाहीतर थ्रॉटल देताच विमान डावीकडे लोळतं.

फेलसेफमध्ये (सिग्नल तुटला तर रिसीव्हर आपोआप घेतो त्या स्थितीत) थ्रॉटल शून्यावर हवा. लायपो बॅटरी प्रति सेल साडेतीन व्होल्टच्या खाली उतरवू नका आणि उन्हात गाडीत ठेवू नका.

ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा आधी पाहा, कराडकडे जाणार असाल तर नक्कीच, तिथे धावपट्टी आहे.

आणि पहिलंच विमान स्पिटफायर नको. आधी हाय-विंग ट्रेनर, मग हरिकेन. पंख जाड, चाकं आतल्या बाजूला मिटणारी म्हणून दोन चाकांमधलं अंतर जास्त, खडबडीत माळावर कोलांटी कमी खातं. बर्मा आघाडीवर भारतीय हवाई दलाने हरिकेनही उडवली होती, तेव्हा ते कमी दर्जाचं समजायचं काही कारण नाही. मिटणारी चाकं मात्र पहिल्या हरिकेनलाही बसवू नका. पोटावर, गवतात उतरवा.